पारी-जीपी: मोठ्या संख्येची परीक्षा घेणारे साधन

सतरा, वीस किंवा चाळीस अंकी एखादी पूर्ण संख्या समोर आली, तर तिच्याविषयी विचारण्याजोगे प्रश्न फार जुने आहेत. ती मूळ आहे की संयुक्त, संयुक्त असेल तर तिचे मूळ अवयव कोणते, तिला विभाजक किती, त्या विभाजकांची बेरीज किती, ती कोणाचा वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून ती मांडता येते का? हे प्रश्न शाळेच्या वहीतले आहेत, पण संख्या मोठी होताच वही पुरत नाही आणि साधनाची निवड महत्त्वाची ठरते. पारी-जीपी हे असेच एक साधन आहे. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून ते घडवले. आज ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते, संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर चालते, आणि काहीही उतरवून न घेता ब्राउझरमध्येही वापरून पाहता येते. यातले पारी म्हणजे आकडेमोडीच्या आज्ञावलींचा संग्रह, आणि जीपी म्हणजे त्याला प्रश्न विचारण्यासाठी असलेला, एका ओळीत प्रश्न आणि खालच्या ओळीत उत्तर अशा पद्धतीने चालणारा गणक.

मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म शोधण्यासाठी यापेक्षा भरवशाचे विनामूल्य साधन माझ्या पाहण्यात नाही, हे मत आरंभीच नोंदवतो. आक्षेप एकच आहे, पण तो किरकोळ नाही. सिद्ध झालेले उत्तर आणि जवळजवळ खात्रीचे उत्तर यांतला भेद हे साधन उत्तम जाणते, मात्र उत्तर देताना तो भेद स्वतःहून बोलून दाखवत नाही. परीक्षणाचा बराचसा भाग याच मुद्द्याभोवती फिरणार आहे, कारण संख्यांच्या बाबतीत ‘बहुधा खरे’ आणि ‘खरे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वापराची सुरुवात अगदी साध्या कसोटीने करावी: जी संख्या आपण लिहिली तीच साधनाने घेतली का? ही कसोटी क्षुल्लक वाटेल, पण अनेक परिचित साधने इथेच नापास होतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये भरली, तर पहिले पंधरा अंक टिकतात आणि शेवटच्या दोन अंकांच्या जागी शून्ये येतात. ज्या संगणक भाषांमध्ये सगळ्या संख्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ नावाच्या ६४ बिटांच्या साच्यात साठवल्या जातात, तिथे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडल्यावर प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी मावण्याची हमी उरत नाही. परिणामी आपली ही संख्या ३२० वर संपते, म्हणजे विषम संख्या सम होऊन बसते. ज्या संख्येची समविषमताच बदलली, तिच्या अवयवांविषयी पुढे काय बोलणार? जीपीमध्ये ही अडचण उद्भवत नाही. पूर्ण संख्या शंभर अंकी असो वा दहा हजार अंकी, शेवटच्या अंकापर्यंत ती तशीच राहते, आणि १ भागिले ३ असे लिहिले तरी उत्तर अपूर्णांकाच्या रूपातच मिळते. दशांश उत्तर हवे असल्यास ३ नंतर एक टिंब द्यावे लागते. अचूकता हा येथला नियम आहे आणि अंदाजी उत्तर मुद्दाम मागावे लागते. संख्यांचे गुणधर्म तपासणाऱ्यासाठी हाच क्रम योग्य आहे.

आता याच संख्येवर थोडे थांबतो, कारण साधनाची खरी चव अशा एका उदाहरणातच कळते. (आज्ञा रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन कंसात १२३४५६७८९८७६५४३२१ लिहिले की पापणी लवण्याच्या आत दोन स्तंभांचा एक छोटा तक्ता समोर येतो. डाव्या स्तंभात ३, ३७ आणि ३३३६६७, तर उजव्या स्तंभात ४, २ आणि २. म्हणजे ही संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. तिन्ही घातांक सम असल्याने ती पूर्ण वर्ग आहे हे नजरेला पडते, आणि वर्गमूळ ९ × ३७ × ३३३६६७, म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणारी १११११११११ ही संख्या. चढत जाऊन उतरणाऱ्या अंकांच्या त्या सुंदर रचनेचे मूळ येथे आहे.

या एका तक्त्यातून पुढचे जवळजवळ सगळे गुणधर्म निघतात, आणि ते निघताना पाहणे हा या साधनाचा मोठा आनंद आहे. विभाजकांची संख्या घातांकांत प्रत्येकी एक मिळवून गुणल्यावर मिळते: ५ × ३ × ३, म्हणजे ४५. ‘न्यूमडिव्ह’ ही आज्ञा हेच उत्तर देते. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, कारण विभाजक जोड्यांनी येतात आणि वर्गमूळ तेवढे एकटे राहते. ‘सिग्मा’ या आज्ञेने विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ अशी मिळते. ती १२१, १४०७ आणि १११३३४०००५५७ या तीन बेरजांचा गुणाकार आहे, आणि दिलेल्या संख्येच्या दुपटीपेक्षा कमी असल्याने ही न्यून संख्या ठरते. ‘ऑयलरफाय’ ही आज्ञा त्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज कोणताही सामाईक अवयव नसलेल्या संख्या मोजते. त्यांची मोजदाद ८००७९८३९९१९९२०१६ इतकी येते. यांतले काहीही एकेक करून मोजलेले नसते, तर प्रत्येक उत्तर अवयवांच्या तक्त्यावरून सूत्राने काढलेले असते.

३३३६६७ या अवयवाकडे जरा अधिक लक्ष द्यावे असे मी सुचवेन. १ ला ३३३६६७ ने भागले असता दशांशचिन्हानंतर ०००००२९९७ हे नऊ अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, कारण ९९९९९९९९९ ला ३३३६६७ ने भागल्यास भागाकार बरोबर २९९७ येतो. आवर्तनाची लांबी नऊ असलेली मूळ संख्या ही एकच आहे, दुसरी नाही. जीपीमध्ये आवर्तनाची लांबी ‘झेडएन-ऑर्डर’ या आज्ञेने विचारता येते: ३३३६६७ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात १० चा कितवा घात प्रथम १ होतो, असा तो प्रश्न असतो, आणि उत्तर ९ मिळते. अंकांच्या दिसण्यातला एक खेळ आणि बाक्यांचे गणित यांचे नाते दोन ओळींत उलगडते.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्नही अवयवांवरूनच सुटतो. ४ ने भागून ३ बाकी उरणारे मूळ अवयव सम घातांकांसह आले, तरच ती मांडणी शक्य होते. ३ आणि ३३३६६७ हे तसे अवयव आहेत आणि दोघांचेही घातांक सम आहेत. ३७ ला ४ ने भागून १ उरतो, आणि ३७ चा वर्ग ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग इतका असतो. उरलेल्या ९ × ३३३६६७, म्हणजे ३००३००३ ने दोन्हींना गुणले की १०५१०५१०५ चा वर्ग अधिक ३६०३६०३६ चा वर्ग बरोबर १११११११११ चा वर्ग, असा पायथागोरसचा त्रिकूट हाती येतो. दोन शून्येतर वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या याच एका प्रकारे लिहिता येते. जीपीमध्ये हा पडताळा घेताना पडद्यावर उमटणारे १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६ हे आकडे पाहून मला जो आनंद झाला, तो कोणत्याही आयत्या यादीतून मिळाला नसता.

आयत्या याद्यांविषयीही बोलायला हवे, कारण बहुतेक वाचकांची पहिली भेट त्यांच्याशीच होते. एखादी संख्या दिली की ती सम की विषम, अंकांची बेरीज किती, द्विमान पद्धतीत कशी दिसते, वर्गमूळ किती, असे वीसतीस गुणधर्म ओळीने मांडणारी अनेक पाने महाजालावर आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नाही, पण त्यांत महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे एकाच मापाने मांडलेले असते. अंकांची बेरीज आपण कोणत्या पायात संख्या लिहितो त्यावर अवलंबून असते, तर विभाजकांची संख्या कशावरच अवलंबून नसते. पहिला गुणधर्म लेखनाचा आहे, दुसरा संख्येचा. जीपी आपल्यापुढे यादी ठेवत नाही, प्रश्न विचारायला लावते, आणि त्यामुळे हा भेद आपोआप लक्षात येऊ लागतो.

अर्थात लेखनाचे गुणधर्म कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. द. रा. कापरेकरांनी ज्या संख्यांना हर्षद संख्या म्हटले, त्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जातात. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, ८१ म्हणजे ३ चा चौथा घात, आणि तो अवयवांच्या तक्त्यात पूर्ण हजर आहे. त्यामुळे ही हर्षद संख्या ठरते, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. यासाठी वेगळ्या नावाची आज्ञा शोधण्याची गरज नाही. संख्येला ‘समडिजिट्स’ने मिळणाऱ्या बेरजेने भागून बाकी शून्य येते का, इतके एका ओळीत विचारता येते. ज्याला अशा संख्यांची रास हवी असेल त्याने तीच ओळ पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञेत (लूपमध्ये) घालावी.

अवयव पाडण्याच्या वेगाचे कौतुक करताना इतिहासाची आठवण ठेवायला हवी. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे असे मर्सेन यांनी १६४४ मध्ये म्हटले होते. ल्यूका यांनी १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण अवयव हाती आले नाहीत, आणि ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. जीपीमध्ये हेच दोन आकडे बटण सोडता सोडता पडद्यावर येतात. फर्मा संख्यांची, म्हणजे घातांकही २ चाच घात असलेल्या २ च्या घातात १ मिळवून होणाऱ्या संख्यांची, परीक्षाही बोलकी आहे (त्यांची मोजणी शून्यापासून करतात). पाचवी फर्मा संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ ने भागली जाते हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये शोधले. सातवी, म्हणजे २ चा १२८ वा घात अधिक १, ही ३९ अंकी संख्या १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी फोडली, आणि आठवीचा १२३८९२६३६१५५२८९७ हा सोळा अंकी अवयव ब्रेंट आणि पोलार्ड यांना १९८० मध्ये सापडला. साध्या संगणकावर जीपी सातवी लगेच आणि आठवी थोड्याच वेळात फोडते. नववीकडे मात्र हात जोडावेत. ती १५५ अंकी आहे. २४२४८३३ हा तिचा लहान अवयव १९०३ पासून ठाऊक होता, परंतु उरलेला १४८ अंकी भाग १९९० मध्ये शेकडो संगणकांना कामाला लावून आणि नंबर फील्ड सीव्ह ही नवी पद्धत वापरून फोडावा लागला.

ही मर्यादा जीपीचा दोष म्हणून मी मांडत नाही, कारण ती विषयाचीच मर्यादा आहे. आतमध्ये हे साधन आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहते, मग पोलार्ड यांची ऱ्हो पद्धत, शँक्स यांची पद्धत, इलिप्टिक कर्व्ह पद्धत आणि शेवटी क्वाड्रॅटिक सीव्ह अशी एकेक अधिक जड अवजारे बाहेर काढते. एखादा अवयव लहान असेल तर संख्या कितीही लांब असली तरी तो लवकर सापडतो. खरी कठीण असते ती दोन जवळपास सारख्या आकाराच्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून झालेली संख्या. साठेक अंकांपर्यंत अशी संख्या फोडताना फार वाट पाहावी लागत नाही, पुढे दर काही अंकांमागे प्रतीक्षा वाढत जाते आणि शंभर अंकांच्या जवळ काम मिनिटांचे राहत नाही. याच अवघडपणावर आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे. १९७७ मध्ये आव्हान म्हणून जाहीर झालेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, २५० अंकी संख्या २०२० मध्ये, आणि ६१७ अंकांची आरएसए-२०४८ अजून अभेद्य आहे. तिच्यावर जीपी चालवणे म्हणजे वेळ दवडणे होय.

थांबायचे असल्यास कंट्रोल आणि सी ही बटणे दाबून काम मध्येच सोडता येते, आणि आत काय चालले आहे ते पाहायचे असल्यास तपशीलाची पातळी वाढवून कोणती पद्धत सुरू आहे याच्या ओळी वाचता येतात. आणखी एक सोय नवख्यांना ठाऊक नसते, पण मोठ्या संख्यांसाठी ती फार मोलाची आहे. अवयवांचा तक्ता एकदा मिळाला की ‘सिग्मा’, ‘न्यूमडिव्ह’, ‘ऑयलरफाय’ या आज्ञांना संख्येऐवजी तो तक्ताच देता येतो. तसे न केल्यास प्रत्येक आज्ञा अवयव पाडण्याचे काम नव्याने करते. सत्तर अंकी संख्येवर तीन प्रश्न विचारायचे असतील तर हा फरक लगेच जाणवतो.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. संख्या मूळ आहे का, हा प्रश्न अवयव कोणते या प्रश्नापेक्षा कितीतरी सोपा आहे. २००२ मध्ये मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कानपूरच्या आयआयटीत दाखवून दिले की मूळपणाची निश्चित तपासणी अंकसंख्येच्या बहुपदीइतक्या वेळात होऊ शकते, म्हणजे अंक वाढले तरी लागणारा वेळ आटोक्यात राहतो. व्यवहारात मात्र साधने आधी झटपट कसोट्या वापरतात. फर्मा यांच्या प्रमेयानुसार संख्या मूळ असेल तर २ चा त्या संख्येहून एकने कमी इतका घात घेऊन त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते, पण उलट खरे नसते: ३४१ म्हणजे ११ × ३१, तरीही ती ही कसोटी उत्तीर्ण होते. ५६१ तर २ ऐवजी तिच्याशी सामाईक अवयव नसलेली कोणतीही संख्या पाया म्हणून घेतली तरी अशीच फसवते. कसोटी अधिक कडक केली तरी फसवणूक संपत नाही. ३२१५०३१७५१ ही संख्या १५१ × ७५१ × २८३५१ आहे, आणि तरीही २, ३, ५ आणि ७ या चारही पायांसाठी मिलर-रॅबिन पद्धतीची कसोटी ती बिनदिक्कत पार करते. २५ अब्जांच्या खाली अशी ही एकमेव संख्या आहे. एवढ्या चार पायांवर समाधान मानणारे साधन तिला मूळ म्हणेल.

जीपी असे करत नाही. त्याची झटपट कसोटी बेली, पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही. २ च्या ६४ व्या घातापर्यंत, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६ पर्यंत, अशी संख्या नाहीच हे पडताळलेले आहे, त्यामुळे त्या मर्यादेखाली ही कसोटी म्हणजे सिद्धताच होय. त्यापुढे मात्र ती सिद्धता नाही. उलट, फसवणाऱ्या संख्या अनंत असाव्यात असा तर्क पोमरन्स यांनी मांडलेला आहे, फक्त त्या कोणाच्या हाती लागलेल्या नाहीत. म्हणूनच जीपीमध्ये दोन स्वतंत्र आज्ञा आहेत: ‘इज-स्यूडोप्राइम’ झटपट कसोटीवर थांबते, आणि ‘इज-प्राइम’ त्यानंतर खरी सिद्धता करूनच १, म्हणजे होय, हे उत्तर देते. २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे ल्यूका यांनी १८७६ मध्ये हाताने दाखवले होते. ती आजही या दोन्ही आज्ञांसाठी चांगला पहिला प्रयोग आहे. याहून पुढे जाऊन ‘प्राइमसर्ट’ ही आज्ञा मूळपणाचे प्रमाणपत्र देते, जे दुसऱ्या कोणालाही स्वतंत्रपणे तपासता येते. मला हा या साधनाचा सर्वांत उदात्त भाग वाटतो, कारण येथे साधन स्वतःवर विश्वास ठेवा म्हणत नाही, पुरावा हातात देते.

मग आक्षेप कशाला? कारण ‘फॅक्टर’ हीच नवख्यांची पहिली आणि आवडती आज्ञा असते, आणि तिच्या तक्त्यात २ च्या ६४ व्या घातापेक्षा मोठे जे अवयव येतात ते मूळ असल्याचे साधनाच्या आरंभीच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) सिद्ध केलेले नसते, ते फक्त झटपट कसोटी पार झालेले असतात. ‘सिग्मा’, ‘ऑयलरफाय’ अशी त्यावर उभी असलेली सगळी उत्तरेही तितकीच सिद्ध किंवा असिद्ध असतात. माहितीपुस्तकात हे स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे, लपवलेले काहीच नाही. पण पडद्यावरच्या तक्त्यात सिद्ध झालेला ३३३६६७ आणि पन्नास अंकी असिद्ध अवयव एकाच अक्षरांत, एकाच रांगेत उभे असतात. ‘नेक्स्टप्राइम’चेही तसेच. १० च्या शंभराव्या घातानंतरची पहिली मूळ संख्या विचारली तर त्या घातात २६७ मिळवून येणारी संख्या मिळते, आणि ते उत्तर बरोबर आहे, परंतु ते सिद्ध व्हायला ‘इज-प्राइम’ वेगळी चालवावी लागते. माझ्या मते अशा असिद्ध अवयवाशेजारी एखादी खूण पुरेशी झाली असती. जे साधन प्रमाणपत्र देण्याइतके काटेकोर आहे, त्याने ही खूण न देणे खटकते.

याच जातीचे आणखी दोन सापळे आहेत. ‘फॅक्टर’ला दुसरा आकडा म्हणून मर्यादा दिली, तर साधन तेवढ्याच लहान अवयवांचा शोध घेते आणि शेवटच्या ओळीत न फुटलेला संयुक्त भागही अवयवासारखाच मांडते. आणि ‘अॅडप्राइम्स’ या आज्ञेने एखादी संख्या मूळ म्हणून नोंदवली, तर साधन ती तपासत नाही, पुढच्या सगळ्या तक्त्यांत तिला जशीच्या तशी मूळ मानून वापरते. जाणकाराला या सोयी हव्याच असतात: कोणाकडून तरी एक मोठा अवयव कळला की तो नोंदवून उरलेले काम क्षणात उरकते. मात्र विद्यार्थ्याच्या हाती हे साधन देणाऱ्या शिक्षकाने या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

बाकीच्या वापराबद्दल थोडक्यात. पडदा कोरा आहे, बटणे नाहीत, चित्रे मागितल्याशिवाय येत नाहीत. आज्ञेच्या नावाआधी एक प्रश्नचिन्ह लिहिले की दोन ओळींची मदत मिळते, दोन प्रश्नचिन्हे लिहिली की सविस्तर. ही मदत नेमकी आणि उत्तम लिहिलेली आहे, पण ती गणित येणाऱ्यासाठी आहे, गणित शिकणाऱ्यासाठी नाही. राखून ठेवलेली स्मृती अपुरी पडली तर काम थांबते आणि ती वाढवण्याची सूचना येते. सूचनेप्रमाणे केले की अडचण मिटते. वेळ मोजण्यासाठी एकटे हॅश चिन्ह पुरते. आधीच्या प्रत्येक उत्तराला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाने ते पुन्हा वापरता येते, जे मोठ्या संख्यांच्या बाबतीत केवळ सोयीचे नाही तर आवश्यक आहे, कारण चाळीस अंक पुन्हा टंकताना एक तरी अंक चुकण्याची शक्यता असते.

शिक्षकांसाठी आणखी एक प्रयोग सुचवतो. ७३५१३४४०० ही नऊ अंकी संख्या आणि आपली सतरा अंकी १२३४५६७८९८७६५४३२१ शेजारी ठेवाव्यात आणि दोघींचे विभाजक मोजायला सांगावे. मोठीला ४५ विभाजक आहेत, लहानीला १३४४. लहानीच्या तक्त्यात २ चा सहावा घात, ३ चा तिसरा, ५ चा दुसरा आणि मग ७, ११, १३, १७ असे उतरत जाणारे घातांक दिसतात. स्वतःपेक्षा लहान कोणत्याही संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या ज्या संख्यांचा अभ्यास रामानुजन यांनी १९१५ च्या दीर्घ निबंधात केला, त्यांपैकी ही एक आहे. संख्येचा आकार आणि तिची आतली श्रीमंती यांचा संबंध नसतो, हे एवढ्या थेटपणे दुसरे कोणते साधन दाखवू शकेल असे मला वाटत नाही. यानंतर २ चा ६० वा घात आणि २ चा ६१ वा घात वजा १ यांचा गुणाकार करून ‘सिग्मा’ला द्यावा. उत्तर बरोबर दुप्पट येते, म्हणजे ३७ अंकांची एक परिपूर्ण संख्या डोळ्यांसमोर सिद्ध होते, आणि येथे सिद्ध हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो, कारण २ चा ६१ वा घात वजा १ हा अवयव २ च्या ६४ व्या घाताच्या मर्यादेत बसतो.

मर्यादेपलीकडच्या अवयवांसाठी उपाय साधनातच आहे. ‘फॅक्टर-प्रूव्हन’ नावाची एक मांडणी मुळात शून्यावर ठेवलेली असते. ती १ केली की ‘फॅक्टर’ प्रत्येक मोठ्या अवयवाची सिद्धता करूनच तक्ता देते, आणि त्यावर उभी असलेली इतर उत्तरेही सिद्ध ठरतात. ‘अॅडप्राइम्स’ने नोंदवलेल्या संख्या तेवढ्या यातून सुटतात. काहीशे अंकांचे अवयव असतील तर यासाठी थोडा जास्त वेळ जातो, एरवी फरक जाणवतही नाही. जीपी सुरू होताना जी मांडणीची फाइल वाचते, तिच्यात ही एक ओळ कायमची लिहून ठेवता येते, आणि साधन नव्याने बसवणाऱ्या प्रत्येकाने पहिली संख्या टंकण्याआधी ती लिहून ठेवावी.